तो काहीच बोलत नाही, मी काय करू?

(ओळख पटू नये म्हणून पत्रातले काही तपशील बदलले आहेत.)

"मी मूळची सांगलीची, गेली 24 वर्षं इंग्लंडमध्ये लेस्टरला आहे. दोन्ही मुली शिकून बाहेर पडल्या, घर रिकामं झालं, म्हणून आम्ही कौन्सिलकडे नाव नोंदवून फोस्टर पालक झालो. सात महिन्यांपूर्वी सोशल वर्करने एक मुलगा आणून सोडला. अफगाणिस्तानातला, 16 वर्षांचा, एकटाच आलेला. इराण, तुर्कस्तान, पुढे बरंचसं पायी आणि शेवटी फ्रान्सहून रबरी बोटीतून. तालिबान आल्यावर वडील बेपत्ता झाले, एवढं फाइलमध्ये आहे. आई आणि बहिणी तिकडेच आहेत.

मुलगा गुणी आहे. स्वतःचं ताट धुतो, मला 'खाला', म्हणजे मावशी, म्हणतो. एवढं सोसूनही किती खंबीर आहे, असं आम्ही सगळ्यांना सांगतो. पण बोलत काहीच नाही. पहाटे चारपर्यंत जागा असतो, सकाळचं कॉलेज बुडतं. पलंग सोडून जमिनीवर झोपतो. परवा कपाटात स्वेटरच्या घडीत आठ पोळ्या सापडल्या, दोन बुरसटलेल्या. दर शुक्रवारी आईचा फोन येतो आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत हा खोलीबाहेर येत नाही. गेल्या महिन्यात यांनी कौतुकानेच म्हटलं, 'नशीबवान आहेस, इथवर पोचलास', तर हातातली बशी भिंतीवर आपटली आणि मग स्वतःच तुकडे वेचत बसला. आता होम ऑफिसच्या, म्हणजे आश्रय द्यायचा की नाही हे ठरवणाऱ्या सरकारी खात्याच्या, मुलाखतीचं पत्र आलं आहे. मुलांच्या मानसोपचारासाठी नाव लावलंय, पण नंबर कधी लागेल कुणी सांगत नाही. एकदा सगळं बोलून, रडून मोकळा झाला तर सुटेल असं मला वाटतं. त्याला बोलतं कसं करू? जाऊबाई म्हणतात, परक्याचं पोर, विकतचं दुखणं. मी कुठे कमी पडतेय का?"

— एक मावशी, लेस्टर

ताई,

आधी पोळ्यांचं बोलू, कारण त्याबद्दल आजच्या आज काही करता येईल. बुरसटलेल्या दोन टाकून द्या, पण त्याला सांगून. उरलेल्यांबद्दल अवाक्षर काढू नका. झाकणाचा एक डबा घ्या, त्यात खजूर, बदाम, बिस्किटं आणि रोजच्या दोन ताज्या पोळ्या ठेवा आणि डबा त्याच्या खोलीत नेऊन द्या. "हा तुझा. संपला की मी भरेन," एवढंच म्हणा. "फ्रीजमध्ये सगळं आहे, हवं ते घे" हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं असणार. पण फ्रीज तुमचा आहे. वाटेत ज्याचं पुढचं जेवण कधीच ठरलेलं नव्हतं, त्याला दुसऱ्याच्या फ्रीजचा भरवसा सात महिन्यांत वाटत नाही. डबा भरत राहा. एक दिवस त्यातली बिस्किटं सादळलेली सापडतील. त्या दिवशी मला जरूर कळवा.

जमिनीवर झोपण्याचा मात्र आजाराशी काही संबंध नाही. अफगाण घरांत जमिनीवर तोशक अंथरतात, म्हणजे आपली गादीच. दिवसा तिच्यावर बसायचं, रात्री तिच्यावरच झोपायचं. सांगलीच्या घरी पाहुणे आले की माजघरात ओळीने गाद्या पडायच्या, आठवतंय ना? पलंगावरची गादी खाली काढून द्या आणि पलंग अडचण करत असेल तर सोशल वर्करला सांगून हलवा. लंडनला मुलांच्या मानसोपचार विभागात मी अकरा वर्षं काम केलं. एकटी आलेली अशी बरीच मुलं तिथे यायची आणि त्यांच्या फाइलींमध्ये 'जमिनीवर झोपतो' हे वाक्य लक्षण म्हणून लिहिलेलं मी किती वेळा वाचलं असेल! मुलगा फक्त घरच्यासारखा झोपत होता.

रात्री जागण्याची गोष्ट वेगळी. या मुलांचा प्रवास रात्रीचा असतो. सीमा रात्री ओलांडायची, ट्रकमध्ये रात्री शिरायचं, बोट अंधारात पाण्यात लोटायची आणि दिवसा कुठे आडोसा मिळेल तिथे पडायचं. वर्ष-दीड वर्ष असं गेलं की शरीराचं घड्याळ उलटं होतं, आणि रात्री डोळा लागू देणं म्हणजे धोका हेही शरीर शिकून बसतं. केंटमध्ये, जिथे या बोटी लागतात त्या परगण्यात, अशा मुलांसाठी झोपेचं एक पाकीटच तयार केलं होतं. त्यात छोटा रात्रदिवा, डोळ्यांवरची पट्टी, कानातले बोळे, लॅव्हेंडरची पुरचुंडी असं साधंच सामान आणि झोप का उडते हे मुलांना समजेल अशी माहिती. तुम्हीही असं काही देऊ शकता. खोलीत किंवा बोळात दिवा राहू द्या. झोपायची वेळ लादू नका, उठायची ठरवा, आणि उठल्यावर अर्धा तास बाहेरच्या उजेडात चालणं किंवा फुटबॉल. स्वप्नात ओरडला तर गदागदा हलवून उठवू नका. दारातूनच हलक्या आवाजात त्याचं नाव घ्या, तुमचं सांगा, "लेस्टर, आपलं घर" म्हणा, दिवा लावा, पाणी द्या. कॉलेजचं म्हणाल तर कौन्सिलच्या व्हर्च्युअल स्कूलशी, म्हणजे अशा मुलांच्या शिक्षणावर लक्ष ठेवणाऱ्या विभागाशी, बोला. पहिला तास उशिरा ठेवता येतो का हे विचारायला काहीच हरकत नाही. गैरहजेरीची पत्रं साठण्यापेक्षा ते बरं.

आता तुमचा खरा प्रश्न. त्याला बोलतं कसं करू?

करू नका.

आपल्याकडे 'रडून मोकळं होऊ दे' यावर फार विश्वास. मयताच्या घरी न रडणाऱ्या बाईला मुद्दाम रडवतात. पण आघाताच्या बाबतीत एका बैठकीत सगळं ओकायला लावण्याने बरं वाटत नाही, असा संशोधनाचा निष्कर्ष आहे. इंग्लंडच्या आरोग्यसेवेला दिशा देणाऱ्या नाईस या संस्थेने 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत अशी पद्धत वापरू नका असं स्पष्ट सांगितलं आहे. जी उपचारपद्धती उपयोगी पडते, तिच्यातही मुलगा आठवणींकडे जातो, पण प्रशिक्षित माणसाबरोबर, दुभाष्यासह, कित्येक बैठकांत, पाऊल पाऊल टाकत, आणि परत कसं यायचं हे आधी शिकून. तुमच्या स्वयंपाकघरात रात्री दहाला ते होणार नाही, आणि अर्धवट झालं तर उरलेली रात्र तो एकटा काढणार.

शिवाय त्याच्या बाजूने बघा. घर सोडल्यापासून त्याला गोष्ट कुणी कुणी विचारली असेल? सीमेवरच्या पोलिसाने, किनाऱ्यावरच्या अधिकाऱ्याने, सोशल वर्करने, डॉक्टरने, वकिलाने. वय किती, कुठून आलास, कुणी आणलं, पैसे कुणी दिले. आपली गोष्ट म्हणजे आपल्याला छान आठवतं ते बालपण. त्याची गोष्ट हा त्याचा कागद आहे, आणि प्रत्येक जण तो उजेडात धरून खोटा आहे का ते बघतो. तुम्ही मायेने विचारलंत तरी ही खाला विचारतेय की ऑफिस, हे त्याला कसं कळावं? आणि खरं सांगायचं तर तुम्ही थोड्या ऑफिसही आहातच. रोजची नोंदवही लिहिता ना? त्यात काय जातं हे त्याला माहीत आहे का? नसेल तर सांगा. "मी रोज दोन ओळी लिहिते, तू जेवलास, कॉलेजला गेलास, आजारी होतास. तुझ्या जिवाला धोका आहे असं काही कळलं तर तेही मला सांगावं लागतं. बाकी तुझं तुझ्याकडे." पुढे काय लिहिलं ते त्याला वाचून दाखवा. विश्वास बसायला याची जितकी मदत होते तितकी शंभर प्रेमळ प्रश्नांची होत नाही.

रवी कोहली नावाचे समाजकार्याचे प्राध्यापक इंग्लंडमध्ये याच मुलांवर बरीच वर्षं अभ्यास करत आले आहेत. या मुलांच्या गप्प राहण्याकडे केवळ आजार म्हणून बघू नये, त्यात स्वतःला सांभाळणंही असतं, असं त्यांनी दाखवून दिलं. मला ते पटतं. जखमेवर खपली धरते तेव्हा आपण ती नखाने काढत नाही. पू झालाय का एवढं बघतो.

तर ते बघायचं. गप्प आहे पण जेवतोय, फुटबॉलला जातोय, मोबाइलवर काहीतरी बघून कधी हसतोय, तर गप्प राहू दे. खाणं सुटलं, अंगावर जखमा दिसल्या, आवडीच्या वस्तू वाटून टाकायला लागला, 'मी नसतो तर बरं' अशा अर्थाचं काही बोलला, तर मात्र सरळ विचारा, "तुला मरावंसं वाटतं का?" विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. असेल तर बाहेर पडतं. मग वाट बघायची नाही. त्याच दिवशी सोशल वर्कर, आरोग्यसेवेच्या 111 या क्रमांकावर फोन करून मानसिक आरोग्याचा पर्याय, आणि जिवाला धोका वाटला तर तातडीच्या मदतीचा 999. इंग्लंडमध्ये 2017 ते 2019 या काळात एकट्या आलेल्या काही एरिट्रियन मुलांनी पाठोपाठ आत्महत्या केल्या होत्या. ती मुलं सुरक्षित देशात पोचलेली होती. म्हणून हे लिहितेय.

तोवर बोलायचं कशाबद्दल? कशाहीबद्दल, फक्त मागचं सोडून. तो 'खाला' म्हणतो म्हणजे दारी ही अफगाणिस्तानातली भाषा बोलत असावा, आणि दारी म्हणजे फारसीच. त्याला विचारा, दरवाजाला काय म्हणता? चादरीला? बाजाराला? आवाजाला? हजाराला? गरमला? शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तरी फारसी शब्द आपल्या तोंडातून काही गेले नाहीत, ते असे लेस्टरच्या स्वयंपाकघरात कामी यावेत. माझ्याकडे एक मुलगा चार महिने मान खाली घालून बसायचा. एकदा मी फोनवर घरी कुणाला तरी 'दरवाजा लाव' म्हटलं आणि त्याने झटकन वर बघितलं. त्या दिवशी आम्ही चाळीस शब्दांची यादी केली. त्याच्या प्रवासाबद्दल एक अक्षर नाही. जाताना त्याने विचारलं, पुढच्या आठवड्यात याच वेळी ना?

स्वयंपाकातही घ्या. बोलानी येते का विचारा. बटाट्याचं किंवा पातीच्या कांद्याचं सारण भरून लाटलेली, तेलावर भाजलेली पोळी असते, आपल्या बटाट्याच्या पराठ्याची चुलतबहीण. बिघडली तरी चालेल. हातात पीठ असलं की डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही, हा मोठाच फायदा.

आता शुक्रवार. इथे मला तुमच्यापेक्षा थोडी वेगळी शंका येते. आईचा आवाज ऐकून आठवण येते, हे आहेच. पण या मुलांना पाठवण्यासाठी घरच्यांनी बहुधा कर्ज काढलेलं असतं, जमीन गहाण टाकलेली असते. फोनवर आई रडत असेल, किंवा रडत नसेल आणि फक्त "ते लोक परत आले होते" एवढंच सांगत असेल. सोळा वर्षांचा पोरगा घरातला एकमेव कमावता होऊ शकणारा पुरुष आहे आणि तो लेस्टरला इंग्रजीच्या वर्गात 'माय नेम इज' गिरवतोय. त्याची झोप उडाली तर नवल काय? माझा अनुभव असा की या मुलांना जितकं मागचं छळतं तितकंच आत्ताचं छळतं. कर्ज, आईची काळजी, होम ऑफिसचं उत्तर. इंग्लंडमध्ये निर्वासित म्हणून मान्यता मिळालेल्या मुलालाही आईवडिलांना बोलावून घेण्याचा सरळ हक्क नाही, जर्मनीत तो आहे. हे त्याला कदाचित माहीत आहे, कदाचित नाही. आशा लावून ठेवू नका.

म्हणून डोळे उघडे ठेवा. खिशात अचानक पैसे, नवा फोन, 'मित्राच्या' कार धुण्याच्या दुकानात जाणं, रात्री उशिरा येणं असं काही दिसलं तर रागावू नका, पण सोशल वर्करला त्याच दिवशी सांगा. कर्जापायी ही मुलं बेकायदा कामाला जुंपली जातात.

वडिलांचं दुःख तर ना सुतक, ना सुटका. गेले म्हणावं तर फातिहा कशी वाचायची, आहेत म्हणावं तर कुठे? रेडक्रॉस अशा हरवलेल्या नातेवाइकांचा शोध घेते, पैसे घेत नाही. पण विषय तुम्ही एकदाच काढा, पत्रक टेबलावर ठेवा आणि सोडून द्या. शोध लागला तर काय कळेल, याची तयारी त्याला त्याच्या वेगाने करू दे.

बशीबद्दल तुमच्या यजमानांना सांगा की त्यांचं काही फार चुकलं नाही, फक्त 'नशीबवान' हा शब्द पुन्हा नको. बहिणी मागे राहिल्या, बरोबरच्या मुलांपैकी सगळी पोचली की नाही कुणास ठाऊक. त्याच्या कानाला तो शब्द आरोपासारखा लागतो. आणि त्याने तुकडे वेचले, याकडे तुमचं लक्ष गेलं हे मला फार आवडलं. बशी नवी आणा, विषय संपला.

'खंबीर' हा शब्दही जरा जपूनच, ताई. खंबीर मुलाला कोसळायची सोय राहत नाही. एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हवाईच्या कौआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा मोठेपणापर्यंत मागोवा घेतला होता. ज्यांचं बालपण अगदीच बिकट होतं त्यांच्यातली साधारण एक तृतीयांश मुलं तरीही चांगली उभी राहिली, आणि त्यांच्यात वारंवार दिसलेली एक गोष्ट म्हणजे भरवशाचं एक तरी मोठं माणूस. आई-बापच असायला हवेत असं नाही. आजी, मावशी, शिक्षक, कुणीही. म्हणजे चिवटपणा पोराच्या हाडात किती आहे हे मोजत बसण्यापेक्षा त्याच्या भोवती काय आहे ते बघावं.

माझं माहेर कोल्हापूर. लहानपणी गांधीनगरला कापड घ्यायला गेलो की आत्या हमखास सांगायची, इथे पोलंडची पोरं राहायची. वळिवड्याची ती छावणी 1943 ते 1948 अशी होती. सोव्हिएत रशियाने सायबेरियात आणि मध्य आशियात हाकललेले सुमारे 5,000 पोलिश लोक, बहुतेक बायका आणि मुलं, तिथे राहिले. जामनगरजवळच्या बालाचडीची छावणी 1946 ला बंद झाल्यावर तिथली अनाथ मुलंही इकडेच आली. त्या काळी समुपदेशक हा शब्दही नव्हता. पण शाळा पोलिश भाषेत होती, प्रार्थनेला चर्च होतं, स्काउट होते, नाटकं बसायची. सोमवार सोमवारसारखा आणि मंगळवार मंगळवारसारखा. मोठेपणी ही माणसं जुनं घर बघावं तशी कोल्हापूर बघायला परत आली. सगळ्यांच्या जखमा भरल्या असं मी म्हणणार नाही. पण त्यांना पुन्हा पुन्हा गोष्ट सांगायला लावून कुणी बरं केलेलं नव्हतं, एवढं खरं.

उपचाराची रांग आहे तशी राहू दे, नाव काढू नका. मधल्या वेळेत एकट्या आलेल्या मुलांसाठी गटात चालणारं काही जवळपास आहे का, हे सोशल वर्करला विचारा. बोस्नियाच्या युद्धानंतर नॉर्वेतल्या बर्गनच्या एका प्रतिष्ठानने तयार केलेला एक छोटा अभ्यासक्रम बऱ्याच देशांत चालतो. काही बैठका मुलांच्या, दोन पालकांच्या. डोळ्यांसमोर नको ते चित्र आलं की ते टीव्हीच्या पडद्यावर आहे अशी कल्पना करायची, लहान करायचं, रिमोटने बंद करायचं, अशा युक्त्या त्यात शिकवतात. तुमच्या मुलाला बोलावं न लागता त्या जमतील.

जाऊबाईंना उत्तर द्यायच्या फंदात पडू नका. आणि तुम्ही कमी पडताय का? सात महिने झाले, तो चोरून का होईना तुमच्याच पोळ्या साठवतोय. तुमची स्वतःची झोप कशी आहे हे पत्रात नाही, त्यावरून मी ओळखते. फोस्टर पालकांसाठी वेगळी सोशल वर्कर असते ना, तिच्याशी पुढच्या भेटीत मुलाबद्दल नाही, फक्त तुमच्याबद्दल बोला.

त्याच्या कागदावर जन्मतारीख 1 जानेवारी आहे का? तारीख माहीत नसली की तिथे बहुतेकदा तीच टाकतात. ही साधी वाटणारी गोष्ट त्याचं अठरावं वर्ष कधी लागणार ते ठरवते. अठरा झाल्यावर, दोघांची इच्छा असेल तर तो 21 वर्षांपर्यंत तुमच्याकडे राहू शकतो. 'स्टेइंग पुट' म्हणतात त्याला. तुम्हाला हवं असेल तर ते त्याला आत्ताच सांगा, शेवटच्या महिन्यापर्यंत ठेवू नका. नको असेल तर तेही स्वतःशी आधी ठरवा, खोटा दिलासा नको.

राहिली मुलाखत. ती तुमची परीक्षा नाही आणि त्याच्याकडून उत्तरं घोकून घेणं तर अजिबात नाही. त्याच्याबरोबर वकील आणि होम ऑफिसशी संबंध नसलेलं एक जबाबदार मोठं माणूस असायला हवं. कोण असणार ते सोशल वर्करकडून लेखी घ्या आणि त्या माणसाची त्याच्याशी एकदा भेट घालून द्या. आठवणी सांगताना क्रम चुकतो, तारखा सरकतात, त्यातून पारंपरिक अफगाण वर्ष नवरोजला, म्हणजे मार्चमध्ये सुरू होतं. हे वकिलाला आधी बोलायला सांगा, म्हणजे गोंधळाला खोटेपणा म्हणणार नाहीत. मुलाखतीच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी कॉलेज नको, घरात पाहुणे नकोत. घरी आल्यावर "कसं झालं?" विचारू नका. वेलदोडे घातलेला चहा करा आणि तो खोलीत गेला तर कप दाराबाहेर ठेवून खाली या.

आणि पत्रावर दुभाष्याची भाषा कोणती लिहिली आहे ते आत्ताच बघा. दारीऐवजी पश्तो लिहिलं असेल, तसं बऱ्याचदा होतं, तर उद्या सकाळी पहिला फोन वकिलाला.